वेग दुप्पट, मार चौपट

दिवाळी सरली की शिरूर आणि दौंड तालुक्यांतले रस्ते पालटतात. साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि उसाने खचाखच भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्यावर येतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या आणि वेग ताशी १५-२० किलोमीटर. मागे लाल दिवा असेलच असे नाही. रिफ्लेक्टर लावला असला तरी लोंबत्या उसाने तो झाकला जातो. न्हावरे-चौफुला रस्ता असो, पुणे-नगर रस्ता असो की पुणे-सोलापूर महामार्ग, त्याच वाटेवरून रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीतली दुसरी पाळी संपवून तरुण मुले दुचाकीवरून घरी निघालेली असतात. त्यांचा वेग असतो ताशी ७०-८० किलोमीटर.

अशा रात्री रुग्णालयाच्या अपघात विभागात आलेल्या नातेवाइकांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते, ‘गाडी काही फार जोरात नव्हती हो, थोडीशीच जास्त होती.’ त्या ‘थोडीशी’ची खरी किंमत बहुतेकांना ठाऊक नसते. ती भौतिकशास्त्राच्या एका साध्या नियमात दडलेली आहे.

सूत्रातला तो ‘वर्ग’

धावत्या वस्तूत जी ऊर्जा साठलेली असते तिला गतिज ऊर्जा म्हणतात. शाळेत सगळ्यांनी पाठ केलेले सूत्र असे : वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. परीक्षेत या सूत्राचे गुण मिळतात आणि मग ते विसरले जाते. पण माणूस वाचणार की नाही, हे पुष्कळदा त्यातल्या ‘वर्ग’ या शब्दावर ठरते.

गाडीचे एकूण वजन दुप्पट झाले तर ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर मात्र ती चौपट होते आणि वेग तिप्पट केला तर नऊपट. म्हणजे ताशी ४० किलोमीटरवरून ८० वर गेलेल्या गाडीचा काटा दुप्पट सरकतो, पण तिची मारक शक्ती चौपट झालेली असते. ताशी ६० वरून ८० वर जाणे म्हणजे वेगात एक तृतीयांश वाढ. ऊर्जेत मात्र ही वाढ ७८ टक्के भरते.

ही ऊर्जा केवढी असते? साधारण १,२०० किलो वजनाची कार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिला थांबवताना ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते तिच्यावर अर्धा लिटर गार पाण्याला उकळी येईल. तीच कार ताशी १२० वेगाने असेल, तर दोन लिटर पाणी उकळेल. ब्रेक लावायला वेळ मिळाला तर ही ऊर्जा चकत्या, टायर आणि रस्ता यांना तापवण्यात जाते. वेळ मिळाला नाही तर ती पत्रा चेपण्यात, काच फोडण्यात आणि हाडे मोडण्यात जाते. ऊर्जा कुठेतरी जाणारच. ती नाहीशी होत नाही.

दुसरी तुलना उंचीची. ताशी ६० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे हे सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे साडेचार मजल्यांवरून जमिनीवर पडण्यासारखे आहे. ताशी ८० ला ही उंची २५ मीटर होते, म्हणजे आठ मजले. ताशी १०० ला ३९ मीटर, म्हणजे तेरा मजले. आठव्या मजल्याच्या कठडा नसलेल्या गच्चीवर उभे राहिले तर कोणाचेही पाय लटपटतात. ताशी ८० वेगाने मोटारसायकल चालवताना मात्र तसे काहीच वाटत नाही. उंचीची भीती माणसाच्या अंगात उपजत आहे, पण वेगाची नाही. पायी चालणाऱ्या आणि फार तर धावणाऱ्या पूर्वजांना ती शिकण्याची गरजच पडली नव्हती.

मातीत रुतलेला गोळा

हा ‘वर्ग’ विद्वानांनाही सहज पटलेला नव्हता. धावत्या वस्तूचे ‘बळ’ वेगाच्या प्रमाणात वाढते की वेगाच्या वर्गाच्या, यावर युरोपात अनेक दशके वाद चालला. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ याने १६८६ मध्ये वर्गाची बाजू मांडली. पुढे १७२० च्या दशकात विलेम स्ग्रावेसांदे या डच शास्त्रज्ञाने पितळेचे गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ चिकणमातीत टाकून पाहिले. दुप्पट वेगाने पडलेला गोळा मातीत दुप्पट नव्हे, तर चौपट खड्डा करीत होता. एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीने आपल्या १७४० च्या ग्रंथात या मताची जोरदार बाजू घेतली. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’चे फ्रेंच भाषांतर करणारीही तीच.

अपघातात शरीराची गत त्या चिकणमातीसारखी होते. यकृत, प्लीहा, मेंदू हे सगळे अवयव मऊच असतात आणि मार किती खोल जाईल हे वेगाच्या वर्गावर ठरते.

दिव्याच्या उजेडापलीकडे

हाच वर्ग गाडी थांबण्याच्या अंतरातही लपलेला असतो. हे अंतर दोन भागांचे असते. समोर अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्या वेळात गाडी त्याच वेगाने पुढे जात राहते. त्यानंतर ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंतचे अंतर. पहिला भाग वेगाच्या प्रमाणात वाढतो, तर दुसरा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात.

कोरडा डांबरी रस्ता, चांगले टायर आणि ठणठणीत ब्रेक धरून हिशेब केला, तर ताशी ४० वेगाने जाणारी गाडी सुमारे २५ मीटरमध्ये थांबते. ताशी ६० ला ४५ मीटर लागतात, ८० ला ६९ आणि १०० ला ९७ मीटर. पावसाने किंवा ट्रॉलीतून सांडलेल्या चिखलाने रस्ता निसरडा झाला असेल, तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर आणखी दीड ते दोन पट होते. मोबाइलकडे पाहण्यात दोन सेकंद गेले, तर ताशी ८० वेगाला थांबण्याच्या अंतरात ४४ मीटरची भर पडते.

आता पुन्हा उसाच्या ट्रॉलीकडे येऊ. रात्री खाली केलेल्या हेडलाइटच्या उजेडात साधारण ४० मीटरपर्यंतचे नीट दिसते. समोर ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी आहे आणि मागे दिवा नाही. ताशी ५० वेगाने येणारी गाडी ३५ मीटरमध्ये थांबेल आणि ट्रॉलीपर्यंत पाच मीटर उरतील. ताशी ६० वेगाची गाडी ट्रॉलीवर आदळेल, पण तोवर तिचा वेग ३० पर्यंत उतरलेला असेल. ताशी ८० वेगाच्या गाडीचे ३३ मीटर चालकाच्या लक्षात येईपर्यंतच संपलेले असतात. उरलेल्या सात मीटरमध्ये वेग जेमतेम ७२ पर्यंत उतरतो आणि त्या वेगाने ती धडकते.

याचा अर्थ असा की ५० आणि ८० यांतला फरक फक्त ३० किलोमीटरचा नाही. एकाला दचका बसतो, दुसऱ्याला सहा मजल्यांवरून पडण्याएवढा मार. ब्रेकचा खरा उपयोग शेवटच्या काही मीटरमध्ये होतो आणि वेगवान गाडी नेमके तेच मीटर आधी खाऊन टाकते. रात्री वेग किती असावा याचा सोपा नियम म्हणूनच असा सांगता येतो : आपल्या दिव्याच्या उजेडात थांबता येईल एवढाच.

दौंडकरांना याचे आणखी एक रूप रोज दिसते. दौंड जंक्शनकडे येणाऱ्या रेल्वेगाडीची लोखंडी चाके लोखंडी रुळांवर धावतात. तिथे घर्षण टायर आणि डांबराच्या मानाने फारच कमी असते. त्यामुळे ताशी शंभराच्या पुढे धावणारी गाडी आपत्कालीन ब्रेक लावूनही थांबेपर्यंत सुमारे किलोमीटरभर पुढे जाते. रुळांवरचा माणूस चालकाला दिसतो, पण गाडी थांबवणे त्याच्या हातात नसते. ‘गाडी अजून लांब आहे’ या हिशेबाने रूळ ओलांडणारे हीच गोष्ट विसरतात.

समोरून ट्रक आला तर

जुलै २०१९ मध्ये दौंड तालुक्यातल्या यवतचे नऊ तरुण सहलीहून परतत होते. पुणे-सोलापूर महामार्गावर लोणी काळभोरजवळ कदमवाकवस्ती येथे त्यांची कार दुभाजक ओलांडून समोरून येणाऱ्या ट्रकवर आदळली. नऊही जण गेले. एका गावातली नऊ घरे एका रात्रीत उजाड झाली.

समोरासमोरच्या धडकेबद्दल एक गैरसमज आहे. सारख्या वजनाच्या दोन कार प्रत्येकी ६० वेगाने आदळल्या, तर तो मार १२० वेगाने भिंतीवर आदळण्याएवढा होतो असे लोक मानतात. तसे नसते. दोघींच्या वाट्याला ६० वेगाने भिंतीवर आदळण्याएवढाच मार येतो, कारण ऊर्जा दोन गाड्यांत वाटली जाते. समोर अवजड ट्रक असेल तर मात्र हिशेब पालटतो. दीड टनाची कार आणि २५ टनांचा ट्रक दोन्ही ताशी ६० वेगाने समोरासमोर भिडले, तर ट्रकचा वेग एका क्षणात अवघा ७ किलोमीटरने कमी होतो. कारच्या वेगात मात्र ११३ किलोमीटरचा बदल होतो. तिला नुसते थांबावे लागत नाही, तर उलट दिशेने फेकले जावे लागते. ट्रकचालक पुष्कळदा किरकोळ दुखापतीवर बचावतो आणि कारचा चेंदामेंदा होतो, त्यामागचे कारण हे आहे.

एका अपघातात तीन धडका

अपघात शल्यचिकित्सेत शिकवतात की प्रत्येक अपघातात एक नव्हे, तीन धडका होतात. पहिली धडक गाडीची, समोरच्या वस्तूशी. दुसरी माणसाच्या शरीराची, गाडीच्या आतल्या भागाशी किंवा रस्त्याशी. तिसरी धडक बाहेरून दिसत नाही. शरीर थांबते, पण आतले अवयव मूळच्या वेगाने पुढे जात राहतात.

मेंदू कवटीच्या पुढच्या भिंतीवर आदळतो, मग मागच्या. आतले मज्जातंतू ताणले जाऊन तुटतात. हृदय आणि महाधमनीची कमान पुढे झोकांडते, पण पाठीच्या कण्याला चिकटलेला महाधमनीचा पुढचा भाग जागचा हलत नाही. या दोहोंच्या सांध्यावर महाधमनी फाटू शकते आणि तसे झाले तर बहुतेक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत. डाव्या बरगड्यांखालची प्लीहा आणि उजवीकडचे यकृत फाटले तर पोटात रक्त साचत राहते आणि बाहेर ओरखडासुद्धा दिसत नाही.

शिरूर असो वा दौंड, सरकारी रुग्णालयात अपघाताचा रुग्ण आला की डॉक्टर जखमेइतकेच लक्ष तीन प्रश्नांकडे देतात : वेग किती होता, पट्टा किंवा हेल्मेट होते का, आणि माणूस गाडीबाहेर फेकला गेला होता का? नातेवाइकांना ही पोलिसी चौकशी वाटते आणि पोरगा रागे भरेल किंवा केस होईल या धास्तीने वेग कमी सांगितला जातो. त्यात नुकसान रुग्णाचेच होते. ताशी ३० चा मार आणि ८० चा मार यांत डॉक्टर वेगवेगळ्या इजा शोधतात. पोटाची सोनोग्राफी लगेच करायची की नाही, रुग्णाला रात्रभर ठेवायचे की पुण्याला पाठवायचे, हे निर्णय या उत्तरावर अवलंबून असतात.

जोराच्या अपघातानंतर माणूस उठून चालू लागला, चहा प्यायला, म्हणजे सगळे ठीक आहे असे मुळीच नाही. पुढच्या काही तासांत पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखू लागले, घेरी आली, अंग गार पडून घाम सुटला, उलट्या झाल्या, तो असंबद्ध बोलू लागला किंवा वाजवीपेक्षा जास्त झोपू लागला, तर क्षणाचाही वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

पट्टा आणि हेल्मेट काय करतात?

ऊर्जा कमी करणे पट्ट्याच्या हाती नाही. तो फक्त थांबायला अंतर मिळवून देतो. तीच ऊर्जा कमी अंतरात जिरवायची झाली तर जोर वाढतो आणि जास्त अंतरात जिरवली तर जोर कमी होतो. उंचावरून उडी मारताना आपण गुडघे वाकवतो, तेही याचसाठी.

ताशी ६० वेगाच्या कारमधल्या ६० किलोच्या माणसाने पट्टा लावला नसेल, तर गाडी थांबल्यावरही तो पुढे जात राहतो आणि स्टिअरिंग किंवा डॅशबोर्डवर आदळून साधारण १० सेंटिमीटरमध्ये थांबतो. त्या वेळी त्याच्यावर सरासरी साडेआठ टन वजनाएवढा जोर येतो. पट्टा लावलेला माणूस गाडीशी बांधलेला राहतो. पुढचा पत्रा चेपत जातो, पट्टा थोडा ताणतो आणि तो सुमारे ६० सेंटिमीटरमध्ये थांबतो. जोर दीड टनाच्या आत येतो आणि तोही खांदा, छाती आणि कमरेच्या मजबूत हाडांवर विभागला जातो. निल्स बोहलिन या स्वीडिश अभियंत्याने १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीसाठी हा तीन बिंदूंचा पट्टा तयार केला आणि कंपनीने तो इतर सर्व कंपन्यांना वापरू दिला.

मागच्या आसनावर बसणाऱ्यांना हा नियम लागू नाही असे समजणे जिवावर बेतते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेले दोघे दगावले आणि पुढचे दोघे जखमी होऊनही वाचले. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. गाडी महागडी होती, पण मोकळ्या शरीराला ती थांबवू शकली नाही. मांडीवरच्या बाळाचेही तसेच. ताशी ६० ला दहा किलोच्या मुलाला धरून ठेवायला दोन क्विंटलहून जास्त जोर लागतो. कोणत्याही आईच्या हातांत तेवढे बळ नसते.

हेल्मेटमध्ये असतो जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा फोमचा थर. दीड मीटर उंचीवरून डोके सरळ रस्त्यावर आपटले, तर ते काही मिलिमीटरमध्ये थांबते आणि कवटीवर दोन-अडीच टनांचा जोर येतो. फोम चेपत गेला तर तोच जोर तीनशे किलोपर्यंत उतरतो. पेट्रोलच्या टाकीवर ठेवलेले, पट्टी न लावलेले किंवा नुसत्या प्लास्टिकच्या टोपीसारखे हेल्मेट हे काम करू शकत नाही. आयएसआय चिन्ह असलेले घ्यावे आणि हनुवटीखालची पट्टी आवळून लावावी.

साडेसात मिनिटांचा सौदा

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे रस्ते अपघातांत मरण पावली. त्यांतल्या दहापैकी सात मृत्यूंना अतिवेग कारणीभूत ठरल्याची नोंद आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे रस्त्यावरचा सरासरी वेग एका टक्क्याने वाढला, तरी जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. कारची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता ५० वरून ६५ वेगापर्यंत साडेचार पट होते. शाळा, मंगल कार्यालये आणि आठवडे बाजार रस्त्याला लागूनच असलेल्या गावांसाठी हा आकडा महत्त्वाचा आहे.

वेग वाढवून मिळते काय? तीस किलोमीटरचा रस्ता ताशी ६० वेगाने अर्ध्या तासात सरतो. ताशी ८० ने साडेबावीस मिनिटांत. वाचतात साडेसात मिनिटे, तीही वाटेत एकही ट्रॉली, एकही गतिरोधक आणि एकही म्हैस आडवी आली नाही तर. त्या बदल्यात ७८ टक्के जास्त ऊर्जा अंगावर घेतली जाते. ‘वर्ग’ उलट्या दिशेनेही तेवढ्याच इमानाने काम करतो, ही यातली आशेची बाजू. ताशी ८० वरून ६० वर आले की वेग फक्त चतुर्थांशाने कमी होतो, पण मारक ऊर्जा जवळजवळ निम्म्यावर, ४४ टक्क्यांनी खाली येते. इतक्या स्वस्तात एवढे संरक्षण देणारे औषध वैद्यकात क्वचितच सापडते.

गाळपाच्या हंगामात यासाठी दोन्ही बाजूंनी थोडे थोडे करता येण्यासारखे आहे. ट्रॉलीवाल्यांनी लाल दिवा आणि रिफ्लेक्टर उसाच्या बाहेर, दिसेल असे लावावेत. ट्रॉली बंद पडली तर ती रस्त्याच्या कडेला घ्यावी आणि मागे पन्नास-साठ पावलांवर, दिसेल अशी खूण ठेवावी. दुचाकीस्वारांनी आणि कारवाल्यांनी अंधार पडल्यावर वेग ५० च्या आसपास ठेवावा. आणि रात्रपाळीच्या पोराला घरून ‘लवकर ये’ असा फोन करण्याऐवजी ‘सावकाश ये, आम्ही जागे आहोत’ एवढे म्हणावे. साडेसात मिनिटे उशिरा आलेल्या पोराचे ताट गरम करून वाढता येते.